बंद बाथरूममधली दोन मडगार्डं

गॅसले मी भेतो. हे सांगाले मले लाज नाही. भिलाईच्या स्टील प्लांटात माही सगळी नोकरी गॅस सेफ्टीत गेली. छातीवर मीटर लावून पाइपलाइनीखालून फिराचं अन् मीटर वाजला का माणसं बाहेर काढाची, हेच काम. फर्नेसच्या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडले वास नसते, रंग नसते. माणूस शिडीवर उभा असते, बोलत असते, अन् बोलता बोलता खाली येते. म्हणून नव्या पोट्ट्याइले आमी पहिल्याच दिवशी सांगतो का ज्याले वास आहे त्याले भिऊ नका, वास नसताना डोकं जड झालं तर पळा. हे मी इतक्या वेळा सांगितलं का घरीही त्याच अकलेनं वागलो. माह्याएवढा मूर्ख अख्ख्या भिलाईत सापडाचा नाही.

झालं असं का माह्या बायकोची एक जुनी स्कुटी आहे. ती पद्मनाभपुरात शिवणाचा क्लास घेते, रोज हुडको कॉलनीतल्या आमच्या घरून जाते-येते. गाडी सेकंडहँड घेतली होती. आधीच्या मालकानं पुढच्या-मागच्या प्लास्टिकच्या मडगार्डांवर ब्रशनं चंदेरी ऑइलपेंट फासला होता अन् आता त्याचे पापुद्रे निघून राहिले होते. विश्वकर्मा पूजा चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी आमच्या लाइनीत एकेक गाडी धुऊन, हार घालून दारापुढं उभी राहते, नारळ फुटते. बायको म्हणे, "अवो, यंदा माही गाडी बी माणसात दिसू द्या ना."

मी दोन्ही मडगार्डं खोलली अन् हुडकोतल्या पेंटरले दाखवली. तो म्हणाला, "भैया, प्लास्टिक है, रिमूवर मत लगाना. पानी मारो अउ महीन पेपर से घिसो, दो दिन में निकल जाही." मले हसू आलं. घरच्या लोखंडी गेट-कपाटाइचे रंग काढता काढता माहे केस पिकले अन् हा मले सँडपेपर घासाले सांगते. मी हार्डवेअरच्या दुकानातून रंग काढाच्या रिमूव्हरचा डबा घेतला. दुकानदारही म्हणाला का खुले में लगाना. हौ म्हणलं अन् निघालो. डब्यावर बारीक अक्षरात काय काय लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही.

बाहेर पाऊस. अंगणात ओल, व्हरांड्यात कपडे वाळत टाकलेले. म्हणून मी बाथरूममध्ये बसलो. खिडकीतून झड येत होती, ती लावली. वास सयपाकघरात जाईन म्हणून दार लावलं. पुढच्या मडगार्डावर ब्रशनं रिमूव्हर मारला तसा चंदेरी रंग फुगून वर आला. खरवडाच्या पत्रीनं ओढला का पट्टाच्या पट्टा निघे. मी खूश. मंग पत्री आत रुतली. खालचं प्लास्टिकच मऊ पडलं होतं. पेंटर खरं बोलला होता, पण तवाही मले राग आला तो पेंटरचाच.

बायकोनं दार उघडलं, पदर नाकाले लावलेला. "भल्ला वास येऊन राहिला. काई होत नाही ना यानं?"

"अवं, वास येऊन राहिला ना, मंग भ्याचं कावून? मारते ते बिनवासाचं. आता गॅसचं तू मले शिकवशीन काय?"

पुढचं मडगार्ड वाया गेलंच होतं, मागचं तरी वाचवू म्हणून त्यावर मी पातळ हात मारला अन् तिले म्हणलं, "मी प्रायमर घेऊन येतो. हे वाळाच्या आत हलक्या हातानं खरवडून घे. दार लावून बस, नाही तर घरभर वास होईन." दार लावून बस, हे माहे शब्द. मी हे कोणावर ढकलू?

दुकानात गेलो तर पावसानं जोर धरला. तिथंच टपरीवर चहा घेतला, ओळखीचे भेटले, पूजेच्या वर्गणीचं बोलणं निघालं. अर्धा-पाऊण तास गेला असन. घरी आलो अन् आवाज दिला, "झालं का गं?" बाथरूमचं दार आतून कडीनं बंद. आत नळ चालू होता. पुन्हा आवाज दिला. दारावर थाप मारली.

पडलेल्या माणसाकडे तसंच धावत जाऊ नका, मास्क घाला, नाही तर एकाचे दोन मुडदे निघते, हे मी शेकडो लोकाइले शिकवलं आहे. त्या घडीले मले एक अक्षर आठवलं नाही. खांदा मारून दार तोडलं. ती भिंतीले टेकून बसली होती, मान छातीवर, मडगार्ड मांडीवर. काखेत हात घालून तिले फरफटत व्हरांड्यात आणली. तिचे हात लोंबत होते. समोरच्या घरातली बाई धावत आली, तिनं डोकं मांडीवर घेतलं. मी नाकापुढं बोट धरलं अन् मले माह्याच बोटाचा भरोसा वाटेना.

मंग तिनं डोळे उघडले, ओकली, अन् आमच्याकडं पाहून म्हणे, "काय झालं? मी कपडे वल्ले केले काय?" थोड्या वेळानं उठूनही बसली. चक्कर आली असन म्हणे, चहा मांडते म्हणे. मले वाटलं सुटलो. खरं सांगतो, मले तवा दवाखान्यात जाचं नव्हतं. तिथं विचारतीन काय केलं, अन् गॅस सेफ्टीवाल्यानं काय सांगाचं? तेवढ्यात तिनं कपाळ धरलं. "पट्टा आवळल्यावाणी दुखून राहिलं."

हे वाक्य मी प्लांटात ऐकलं होतं. गॅस लागलेला माणूस हेच बोलते. पण घरात कोळसा नव्हता, शेगडी नव्हती. मंग हे दुखणं आलं कुठून? मंग मीच म्हणलं, दवाखान्यात चला. समोरच्या बाईच्या पोरानं गाडी काढली.

दवाखान्यातली डॉक्टर आमच्या पोरीच्या वयाची. तिनं विचारलं, काय हुंगलं यांनी? मी म्हणलो, थिनर, थोडंसं. लाजेपायी बोललो. तिनं बायकोच्या बोटाले ऑक्सिजन मोजाचं मशीन लावलं, आकडा चांगला आला. म्हणे, "ठीक हैं, हवा में रखिए, शाम को ले जाइए." मी मान हलवली. पण ते बोटाचं मशीन आमच्या गॅसमध्ये खोटं बोलते, हे मले मालूम होतं. मालूम असून मी तिथं मिनिटभर तोंड शिवून उभा राहिलो. त्या मिनिटाची मले आजही किळस येते.

समोरच्या बाईनं पिशवीतून रिमूव्हरचा डबा काढून टेबलावर ठेवला. तिनं तो येताना उचलून आणला होता. मंग मी सगळं सांगितलं, बंद खिडकी, बंद दार, किती वेळ. डॉक्टरनं डबा फिरवून वाचला अन् तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, यातला माल श्वासातून आत गेला का माणसाचं शरीरच त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनवते. बाहेर आल्यावरही बनवतच राहते. रक्त तपासाले लागन, अन् आता घरी न्यायचं नाही.

मी तिथंच खाली बसलो. जो गॅस मी जिंदगीभर लोकाइच्या नाकापासून दूर ठेवला, तो माह्या बायकोच्या रक्तात तयार होऊन राहिला होता, अन् तो मी दुकानातून आणला होता.

तिले ऑक्सिजन लावला. रक्ताचा पहिला रिपोर्ट आला, मंग दुसरा आला. दुसऱ्यात गॅस पहिल्यापेक्षा जास्त. कोणत्या आकड्यावर माणसाचं काय होते ते मले पाठ आहे, अन् त्या दिवशी वाटलं, हे पाठ नसतं तर बरं झालं असतं. ती मास्कमधून माह्याकडं पाहे, मी हसून दाखवे अन् बाहेर जाऊन भिंतीले डोकं टेकवे. तिचे डोळे मिटले का मी तिच्या पायाले हात लावे, ती पाय हलवे, मंग मले श्वास येई. तिसऱ्या रिपोर्टात आकडा उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिले सोडलं.

पुढचं मडगार्ड वितळून वाकडं झालं होतं, ते फेकलं. मागच्यावरचा पातळ थर तिनं बेशुद्ध होण्याआधी अर्धाअधिक खरवडला होता, म्हणून ते वाचलं. पूजा होऊन गेल्यावर ऊन पडलं तसं मी ते साबणानं दोनदा धुतलं अन् अंगणात घेऊन बसलो. पेंटरकडून मागून आणलेला, वल्ला करून घासाचा पाणीपेपर, बादलीभर पाणी. कडेले लपलेल्या जागी आधी घासून पाह्यलं. जोर लावाचा नाही, पेपर वल्ला ठेवाचा, पाणी चंदेरी झालं का बदलाचं. प्लास्टिकले काई होत नव्हतं. हात दुखत होते, बाकी काई नाही.

ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. दहा दिवस मी एक गोष्ट विचाराले भेत होतो. खाली पाहतच विचारलं, "तुले आत कसंतरी वाटलं असन ना गं? बाहेर कावून नाही आली?"

"वाटलं ना. डोकं गरगरत होतं, कडी काढाले हातबी गेला होता," ती म्हणाली. "मंग म्हणलं, तुमाले गॅसचं समजते, तुमी म्हणले काई होत नाही, तर काई होत नसन. म्हणून बसली परत."