पाहुण्यांसमोर वाजलेला भोंगा

अवकाशात कुठेतरी एखादा प्रचंड तारा मरतो, मरताना गॅमा किरणांचा एक झोत सोडतो, आणि तो झोत अब्जावधी वर्षं प्रवास करून नेमका आमच्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतानाच पोचतो. विज्ञान याला योगायोग म्हणतं. आमच्या आईने याला माझा आगाऊपणा म्हटलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पुण्याला एका संशोधन संस्थेत होते. हे किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ते टिपायला उपग्रह लागतो. उपग्रहाला चमक दिसली की आमच्या मोबाईलवर मेसेज यायचा. ज्याची ड्युटी असेल त्याने लगेच डोंगरावरच्या दुर्बिणीवाल्यांना फोन करायचा, कारण मागे उरलेला उजेड भराभर विझतो. मेसेज चुकू नये म्हणून मी त्याला भोंग्याचा आवाज लावला होता. कारखान्यात गॅस सुटला की वाजणारा भोंगा ऐकत वाढलेल्या महाडच्या मुलीला दुसरं काय सुचणार?

वडील महाडला शाळामास्तर. मी काय करते हे ते शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यात उरकायचे. लग्न ठरलं की मी नोकरी सोडून महाडच्याच एखाद्या शाळेत शिकवायचं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला ती नोकरी जिवापाड हवी होती, पण घरात ते बोलायची सोय नव्हती.

मुलगा पोलादपूरकडचा, महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट. शिफ्ट संपवून संध्याकाळी आला. सोबत त्याची आई आणि कारखान्यांना लागूनच असलेल्या बिरवाडीला राहणारे मामा. कार्यक्रमासाठी मी घरी आले होते, पण त्या दिवशीची ड्युटी माझीच होती. मी पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि आत स्वयंपाकघरात फोन कोकलला.

मामा ताडकन उठले. "गॅस सुटला रे! रुमाल भिजवा!"

पाण्याचे पेले समोर होतेच. सगळ्यांनी त्यांत रुमाल बुडवून नाकाला लावले, मामांनी दोरीवरच्या साडीकडे बघून वारा ओळखला, आणि मंडळी वाऱ्याच्या उलट दिशेने रस्त्यावर पळाली. शिस्त खरोखर बघण्यासारखी होती. वडीलही पळाले. समोरचा दुकानदार शटर ओढून त्यांच्यामागे. मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि दुर्बिणीवाल्यांना आकाशातली जागा सांगितली.

खाली आले तोवर पाहुणे ओले रुमाल घेऊन परतले होते. मी म्हटलं, गॅस नाही, तारा मेलाय.

"कदी मेला?" मामांनी विचारलं.

"अब्जावधी वर्षांपूर्वी."

"मंग पोरी, चाय देऊन जायचीस. तो काय आता उठनार हाय?"

मी चहा टाकायला आत गेले. मुलाने गार पोहे संपवले.

पुढच्या रविवारी मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे, फक्त ती नोकरी आणि तो फोन तेवढा आधी सोडायचा. मी दाराआड उभी होते. वडील हो म्हणणार याची मला खात्री होती.

वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"ड्युटीवर होती हो ती," ते म्हणाले. "त्यांचा मुलगा बोलावलं म्हणून चालू शिफ्ट टाकून येतो का? नाही ना? मग माझी मुलगीपण नोकरी टाकून येणार नाही. तसं कळवा त्यांना."