फायलीतलं नोव्हेंबरचं पान

परदेशीपुऱ्यातल्या मुलींच्या त्या शाळेत सुलोचना पागनीस यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बत्तीस वर्षं त्या ऑफिसातल्या एकाच खुर्चीवर बसल्या होत्या. एवढ्या काळात सहा मुख्याध्यापिका आल्या आणि गेल्या, टाइपरायटर गेला, सायक्लोस्टाइल गेलं, खुर्चीचा वेतसुद्धा दोनदा बदलला. सुलोचनाताई मात्र होत्या तशाच. रोज साडेनऊला यायच्या, चष्मा पुसायच्या, लेझर प्रिंटरवरचं कापड काढून त्याची नीट घडी घालायच्या आणि मगच दिवसाला सुरुवात करायच्या. नोकरीला कंटाळलेली माणसं आपण पुष्कळ पाहतो. ताई त्यातल्या नव्हेत. आपलं काम आपल्याला येतं, यासारखं सुख नाही असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

त्या प्रिंटरवर त्यांचा विशेष जीव. परीक्षेचे पेपर फुटायला नकोत म्हणून शाळा ते बाहेर छापायला देत नसे, सगळे इथेच निघत. चार वर्षांपूर्वी याच प्रिंटरनं त्यांना रडवलं होतं. नुसता मजकूर असला की भराभर छापायचा, पण भूगोलाच्या पेपरात मध्य प्रदेशचा नकाशा आला की मान टाकायचा. नकाशा वरून नर्मदेपर्यंत यायचा, खालचं खंडवा-बऱ्हाणपूर गायब. छोट्या पडद्यावर ‘मेमरी फुल’. मेकॅनिक आला, त्यानं बाहेरूनच मशीनवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, “आंटीजी, नया ले लो.”

ताईंनी नवा घेतला नाही. कपाटातून मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि चार दुपारी डबा खाता खाता ते वाचून काढलं. तेव्हा त्यांना उलगडलं की प्रिंटर अख्खं पान आधी आपल्या पोटात जुळवतो आणि मग कागदावर उतरवतो. मजकूर हलका, चित्र जड. पोटात मावलं नाही की जेवढं मावलं तेवढंच बाहेर. पण पोट वाढवता येतं, त्यासाठी कडेच्या झाकणाआड मेमरी कार्डाची एक खाच रिकामी ठेवलेली असते. ताई जेल रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात चार दुकानं फिरल्या आणि दोनशे छप्पन्न एमबीचं कार्ड घेऊन आल्या. अंगातल्या विजेनं कार्ड मरतं असं पुस्तकात होतं, म्हणून आधी लोखंडी कपाटाला हात लावला. कार्ड कडांनी धरलं, खाचेत दाबलं, दोन्ही बाजूंच्या खिट्या ‘कट्’ करून बसल्या. मग बहुतेक लोक विसरतात तेही केलं : पोट वाढल्याचं कॉम्प्युटरलाही कळवावं लागतं, ते त्याच्या सेटिंगच्या चौकटीत भरलं. शेवटी प्रिंटरवरचं बटण दाबून त्याचं स्वतःचं माहितीचं पान काढलं. मूळचे चौसष्ट आणि हे दोनशे छप्पन्न मिळून मेमरी ३२०. घरी गेल्यावर यजमानांना त्यांनी तो आकडा तीनदा सांगितला. गजाननराव बिचारे तिन्ही वेळा “वा!” म्हणाले.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ताई ते पान काढत, त्यावर सही-तारीख घालत आणि एका निळ्या फायलीत लावत. शाळेत त्या फायलीला ‘प्रिंटरची कुंडली’ म्हणत. ताईंचे नियमही होते. सगळे पेपर एकदम पाठवायचे नाहीत, एक निघाला की दुसरा. प्रिंटरच्या मेमरीत साठवलेला पेपर छापून झाला की ताई स्वतः पुसणार. आणि प्रिंटरजवळ सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खायचे नाहीत, एक जरी दाणा आत गेला तरी माझ्याशी गाठ आहे.

आता या शिस्तीत गेल्या वर्षी जे झालं ते ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला. तो बसवला निवेदितानं. निवेदिता म्हणजे शाळेची कॉम्प्युटर शिकवणारी मॅडम. बत्तीस वर्षांची, अबोल, दोन वर्षं कच्च्या नोकरीवर. तिची मुलगी याच शाळेत तिसरीत होती आणि आईची नोकरी पक्की झाली की तिचं तिथलं शिक्षण सोपं होणार होतं. सुट्टीनंतर महिनाभर नुसत्या नोटिसा आणि पत्रं छापली गेली, सगळं सुरळीत. मग सहामाहीचे पेपर सुरू झाले, आणि एका गुरुवारी दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात माणसाचं हृदय अर्धंच आलं. खालचे दोन कप्पे नाहीत. पडद्यावर ‘मेमरी फुल’.

ताईंचा पारा चढला. “चार साल झाले, काही नाही झालं. तुमचा नवीन कॉम्प्युटर आला आणि हे!”

“ताई, सेटिंग तर बराबर आहे,” निवेदिता हळूच म्हणाली. “तीनशे वीसच भरलं आहे मी. एकदा प्रिंटरचं पण चेक करून घेऊ ना.”

“प्रिंटरला काय चेक करायचं? त्याला मी ओळखते.”

आणि रागाच्या भरात ताईंनी तक्रारवहीत आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकलं : ‘निवेदिता मॅडम यांनी नवीन कॉम्प्युटर बसवल्यापासून प्रिंटर बिघडला आहे.’ खाली सही.

ती वही संध्याकाळी संस्थेचे सेक्रेटरी अप्पासाहेब यांच्यापुढे गेली. अप्पासाहेबांना मशीनमधलं ओ की ठो कळत नसे, पण ताईंच्या लिहिण्यावर त्यांचा भरवसा होता. ते निवेदिताला म्हणाले, “देखो निवेदिताजी, सोमवारी तीन वाजता मीटिंगमध्ये तुम्हाला पक्कं करायचा विषय आहे. आता सुलोचनाबाईंनी असं लिहिलं, म्हणजे सोचावं तर लागेल ना?” निवेदिता मान खाली घालून “जी” म्हणाली. ताई तिथेच उभ्या होत्या. त्यांना जरा चुटपुट लागली, पण खरं ते खरं, असं मनाशी म्हणून त्या घरी गेल्या.

सोमवारी एक तारीख होती. डिसेंबरची. ताईंनी सवयीनं कापडाची घडी घातली, सवयीनं बटण दाबलं आणि पान फायलीला लावायला उचललं. तेवढ्यात आकडा दिसला. मेमरी ६४.

हे पान प्रिंटर आपलं आपण काढतो, त्यात कॉम्प्युटरचा संबंधच नसतो, हे ताईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? त्यांनी फाईल उघडली. शेवटचं पान ऑक्टोबरचं, मेमरी ३२०. नोव्हेंबरचं पानच नव्हतं. नव्या कॉम्प्युटरसाठी झालेल्या टेबलांच्या हलवाहलवीत ती एक तारीख निघून गेली होती आणि साऱ्या शाळेला पुरावा मागणाऱ्या ताईंनी स्वतः पुरावा पाहिलाच नव्हता.

त्यांनी मशीन बंद केलं, कपाटाला हात लावला आणि कडेचं झाकण काढलं. आत कार्डावर एक लालभडक बोट उमटलेलं होतं.

ते बोट त्यांचंच होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ऑफिसात यंत्रांची पूजा असते. कॉम्प्युटरला, झेरॉक्सला सगळे बाहेरूनच हळद-कुंकू लावतात. पण ताईंचे वडील कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते आणि लहानपणी त्या बाबांचं बोट धरून खंडेनवमीला मिलमध्ये जायच्या. बाबा मागाच्या बाहेरच्या लोखंडाला कधी कुंकू लावायचे नाहीत. खाली वाकून आतल्या दांड्याला लावायचे आणि म्हणायचे, “ज्याच्यावर चालतं, त्याला लाव.” म्हणून ताईंनी सगळे प्रसाद घ्यायला गेल्यावर हळूच झाकण उघडलं होतं आणि कार्डाला अनामिकेनं कुंकू लावलं होतं. अगदी मनोभावे, चांगलं दाबून. दाबताना एक खिटी सुटली होती आणि कुंकू खाचेत सांडलं होतं. सेव-परमलच्या दाण्यावरून साऱ्या शाळेला धाक घालणाऱ्या बाईच्या हातून!

ताईंना आधी हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

आता ते कुंकू पुसायचं. तेही त्यांच्यानं चटकन होईना, देवाला लावलेलं कुंकू कुणी पुसतं का? शेवटी “क्षमा कर रे बाबा” म्हणून त्यांनी ते एका कागदावर झटकलं आणि व्हरांड्यातल्या तुळशीच्या कुंडीत घातलं. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या, खाच फुंकून साफ केली, दोन्ही खिट्या बसवल्या. मशीन सुरू केलं, पान काढलं. मेमरी ३२०. विज्ञानाचा पेपर पाठवला, तर चारही कप्प्यांचं हृदय झोकात बाहेर आलं.

दहा वाजले होते. निवेदिता वर्गावर होती, शिपाई चहा आणायला गेला होता. कुणी म्हणता कुणी पाहिलं नव्हतं. ‘आपोआप ठीक झालं’ एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. बत्तीस वर्षांचा शब्द होता, दोन वर्षांवर निवृत्ती होती. आणि कारण सांगायचं तरी काय, की मी प्रिंटरच्या मेंदूला कुंकू लावलं? पोरीबाळी फिदीफिदी हसल्या असत्या. पण वहीत आपल्याच अक्षरात निवेदिताचं नाव होतं आणि ते काही खोडरबरनं निघणार नव्हतं. ताईंना त्या दिवशी डबा गेला नाही.

तीन वाजता त्या निळी फाईल आणि तक्रारवही घेऊन मीटिंगमध्ये गेल्या. पाच-सहा मेंबर होते, भिंतीशी निवेदिता बसली होती. ताईंनी तीन पानं टेबलावर मांडली. “हे ऑक्टोबरचं. हे आज सकाळचं, आणि हे सफाई केल्यानंतरचं. निवेदिता मॅडमचा काही दोष नाही. मी पूजेला आत कुंकू लावलं, त्यानं कार्ड सुटलं. चूक माझी आहे.”

अप्पासाहेब टेबलावर हात आपटून हसले. “अरे गजब! कुंकू? आतमध्ये?” सगळेच हसले. ताईही ओशाळून हसल्या. “जाऊ द्या सुलोचनाबाई, ठीक झालं ना? तो वहीचा कागद फाडून टाका, बात खतम.”

“नाही अप्पासाहेब,” ताई म्हणाल्या, “मी लिहिलं आहे तर मीच त्याच्या खाली लिहीन.”

आणि सगळ्यांसमोर उभ्यानं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं : ‘वरील तक्रार चुकीची. प्रिंटर माझ्या हातून बिघडला. निवेदिता मॅडम यांचे काम बरोबर होते.’ अप्पासाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी ते वाचलं, निवेदिताला पक्कं करण्याच्या कागदावर सही केली आणि दुसऱ्या विषयाकडे वळले.

बाहेर व्हरांड्यात ताईंनी तिचे दोन्ही हात धरले. “माफ कर गं. तू तेव्हा ओरडली का नाहीस माझ्यावर?”

निवेदितानं पर्स उघडली आणि एक घडी घातलेला कागद काढला. प्रिंटरचं माहितीचं पान. मेमरी ६४. तारीख शुक्रवारची, अठ्ठावीस नोव्हेंबर.

ताईंनी तारीख पुन्हा वाचली. “म्हणजे तुला माहीत होतं?”

“हो. तुम्ही गेल्यावर झाकण पण उघडून बघितलं. कुंकू दिसलं तर समजलं तुमचंच असणार. मग तसंच बंद करून दिलं.”

“अगं वेडे, मग हे पान घेऊन अप्पासाहेबांकडे जायचं ना! तुझी नोकरी जात होती.”

“तुमच्या पूजेचं मी कसं काय सांगणार ताई, सगळ्यांसमोर?” निवेदिता म्हणाली. “आणि सोमवारी एक तारीख होती ना. तुम्ही पान काढणारच होत्या. आणि एकदा काढलं की तुम्ही चुप थोडीच बसणार होत्या?”

 ताईंनी तिच्या हातून तो कागद घेतला आणि तिला घेऊन ऑफिसात गेल्या. निळी फाईल उघडली, कागदाच्या घड्या तळहातानं सपाट केल्या, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या मधे तो लावला आणि खाली सहीच्या जागी निवेदिताची सही घेतली.