इटलीच्या गाडीत उकड्या तांदळाचं शीत

बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून मी बारा वर्षं काढली. खलाशी काय काय पाहिल्याचं सांगायचे, मी हसून चुलीकडे वळायचो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून लिहिताना संकोच वाटतोय... पण घडलं ते घडलं.

साल १९६१. लंडनला एका हॉटेलच्या किचनमध्ये मला कायमची नोकरी मिळाली. सहा वर्षांच्या शैलाला तिकडच्या शाळेत घालायचं मी ठरवलं. बायको, सुमती, तान्ह्या मुलाला घेऊन तारकर्लीतच राहणार होती. "चेडू माझ्याशिवाय जेवचा नाय," पोरीबद्दल एवढंच ती म्हणत राहिली. मी ऐकलं नाही.

मुंबई सुटली आणि शैलाचं जेवण सुटलं. आधी चार घास, मग दोन, मग नुसतं पाणी. इटलीत जिनोआला उतरलो तेव्हा तिला ताप होता. बंदराजवळच्या दुकानातून एक लाल स्वेटर घेऊन तिला घातला आणि पॅरिसच्या गाडीत बसलो.

मंगळवार होता, सकाळचे सात वाजत आले होते. डब्यात आम्ही दोघंच. ती माझ्या मांडीवर झोपलेली आणि मी तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून – माझा डोळा क्षणभरही लागला नव्हता. अर्ध्या तासानं ती उठली. कपाळ गार.

"बाबा, पोट भरला," ती म्हणाली. "आयेन पेज वाढल्यान."

तापातलं बोलणं समजून मी तोंड पुसायला रुमाल काढला. तिच्या हनुवटीला एक शीत चिकटलं होतं. लालसर, उकड्या तांदळाचं. ओलं.

लंडनला पोचल्यावर तीन आठवड्यांनी सुमतीचं पत्र आलं. तापाचं किंवा स्वेटरचं मी तिला काहीच कळवलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं – "मंगळवारी साडेअकराच्या सुमारास शैला दारात आली. अंगात लाल लोकरीचं काहीतरी होतं. बोलली नाही, दोन वाट्या पेज जेवली. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात दिसेनाशी झाली. पोर जिवंत आहे ना, तेवढंच कळवा."

इटलीतले सात म्हणजे आपले साडेअकरा.

मी नोकरी सोडली. दोन महिन्यांत शैलाला घेऊन घरी आलो. ती आवशीच्या कुशीत शिरली ती हलेचना. तिला थोपटता थोपटता सुमतीनं पत्रात न लिहिलेलं विचारलं, "त्या दिवशी तुमी घरात कित्याक येवक नाय?"

"मी? मी खंय होतंय?"

"कुंपणाभायर. माका पाठ करून उबे होतात. मी हाक मारलंय, तुमी वळान बगूक नाय. चेडू तुमच्यावांगडाच गेला आसतला."

मी तर गाडीत जागा होतो. हे तिला शंभरदा सांगितलं. चार वर्षांपूर्वी सुमती गेली, तोवर तिला ते पटलं नाही. ते शीत मी अजून विसरलो नाही. पण त्याहून मला छळतो तो कुंपणाबाहेरचा माणूस... तो मी नव्हतो, तर माझ्या पोरीला कोण घेऊन गेलं होतं? आणि मीच असेन, तर वळलो का नाही?