रस्त्याकडं तोंड केलेली सायकल

द्वारकाबाई सायकलवर बसायच्या आधी समोरचं दार सताड उघडायच्या. सायकल व्यायामाची, घरातली, जागची न हलणारी. मुलानं, विलासनं, हैदराबादहून पाठवलेली. जोडायला आलेल्या माणसाला त्यानं फोनवरून बजावलं होतं की आतल्या खोलीत, पलंगाशेजारी लावा. तो माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल तोच बाईंनी शेजारच्या दोघींना हाक मारली, सायकल ओढत बाहेरच्या खोलीत आणली आणि उंबऱ्याशी रस्त्याकडं तोंड करून उभी केली.

"मी रस्ता सोडला न्हाई," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं मला सोडलंय. त्याला मी रोज दिसले पाहिजे."

येणारे-जाणारे थांबायचे. साठी उलटलेली बाई, पातळाचा काष्टा घालून, चष्मा लावून, दारात पायडल मारतेय. कोणी तरी विचारायचंच, "काय बाई, कुठंवर आल्या?"

"आपल्याच गल्लीत हाय बाबा. तुमी रस्ता मोकळा करा, मग पुढं सरकते."

गावाचं नाव मी लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर त्याच गावाला वाटेल आपली बदनामी झाली आणि बाकीची गावं हुश्श म्हणतील. तशी हुश्श म्हणण्यासारखी परिस्थिती कुठंच नाही.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडं अक्षर गिरवलं, मीही. रिटायर झाल्यावर त्यांना साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज सकाळी चाला. बाई चालायला लागल्या. कुठं चालायला लागल्या? हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही. आमच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला आधी गटार, गटारावर हातगाडे, हातगाड्यांपुढं मोटारसायकली, त्यांच्यापुढं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बोर्ड. उरलेल्या वीतभर जागेत माणसानं चालायचं. हंगामात तिथूनच उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. त्या बाहेर आलेल्या उसानं एका सकाळी बाईंना गटारात फेकलं. मांडीचं हाड मोडलं. ट्रॅक्टर थांबला नाही. लोक म्हणाले, "या वयात सकाळी सकाळी कशाला निघायचं?"

हे वाक्य मी आजवर इतक्या तोंडून ऐकलंय की त्याचं पत्रक छापून वाटावंसं वाटतं. गटार उघडं का, ट्रॉली इतकी भरलेली का, हे कोणी विचारत नाही. बाई का निघाली, एवढंच.

हाड जुळलं, पण महिनोन् महिने पडून राहिल्यानं दम गेला. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आल्या तरी भिंत धरायच्या. तेव्हा विलासनं ही सायकल पाठवली. मुलगा वाईट नाही, पण फोनवर जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण बाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या. "आई, आता तुला बाहेर जायची गरजच नाही."

बाईंनी फोन तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "गरज न्हाई, हे तू हैदराबादेत बसून ठरवायलास का?"

सायकलला पुढं छोटा पडदा होता आणि त्यात प्रोग्रॅम. बटण दाबलं की पडद्यावर उभ्या काळ्या रेघा यायच्या. सगळ्या सारख्या उंचीच्या असल्या की सपाट रस्ता. रेघा चढत गेल्या की तेवढा वेळ पायडल आपोआप जड व्हायचं, उतरल्या की हलकं. प्रत्येकाचं नाव इंग्रजीत. बाईंनी त्यांची स्वतःची नावं ठेवली. सपाट म्हणजे 'बिगरी'. जरा वर-खाली म्हणजे 'काना-मात्रा'. आणि सगळ्यात अवघड, डोंगराचा, तो 'जोडाक्षर'. मी गेले की विचारायचे, "बाई, आज काय लावलं?" आणि धापा टाकत उत्तर यायचं, "काना-मात्रा. बोलू नको, उकार चाललाय."

मशीन मधेच पीं पीं करायचं. बाई त्याच्याकडं चष्म्यावरून बघायच्या, जशा आमच्याकडं बघायच्या. "गप बैस. तुला विचारलं का कोणी?"

पडद्याखाली एक वेगळं बटण होतं. पायडल मारून झालं की ते दाबायचं आणि दोन्ही मुठी धरून थोडा वेळ शांत बसायचं. मशीन नाडी मोजायचं आणि शेवटी इंग्रजी एफ आणि पुढं एक आकडा दाखवायचं. बाईंना हे फार आवडलं. आयुष्यभर गुण दिले, आता त्यांनाच मिळत होते. दाराच्या मागं एक जुनी काळी पाटी टांगली होती, तिच्यावर खडूनं आकडा लिहायच्या. आधी चार आले. नाराज झाल्या. दुसऱ्या दिवशी बिगरी सोडून थेट जोडाक्षर लावलं, दात-ओठ खाऊन पाय मारले, पाच आले. मग सहा. त्या दिवशी मी गेले तर माझ्या तळहातावर साखर ठेवली.

"सहा आले, शीतल! वाढायलेत!"

ओठ पांढरे पडले होते. पदरानं पुन्हा पुन्हा घाम पुसत होत्या. मला ते बघवेना. खोक्यात थर्माकोलखाली मशीनचं पुस्तक होतं, सगळं इंग्रजीत, एकही ओळ मराठी नाही. मी शोधून काढलं. त्यात तक्ता होता. एक म्हणजे उत्तम. सहा म्हणजे सगळ्यात वाईट. मेहनत थांबवल्यावर काळीज किती लवकर शांत होतं त्याची ती पायरी होती, आणि बाईंचं काळीज शांत व्हायला तयारच नव्हतं. आकडा वाढावा म्हणून त्या जितका जोर लावत होत्या तितका तो 'वाढत' होता.

मी सांगितलं. बाईंनी चष्मा पुसून पाटीकडं पाहिलं.

"म्हंजे रोज नापास व्हायला मी एवढी मेहनत करायलेय?" आणि मग कपाळावर हात मारून हसल्या. "अगं, हे गुण न्हाईत. नंबर हायेत! पहिला नंबर, दुसरा नंबर. जन्मभर पोरांना पहिला नंबर दिला आन् मलाच कळालं न्हाई."

त्या हसल्या, मला हसू आलं नाही. मशीन विकणाऱ्यानं विकलं. जोडणाऱ्यानं मोबाईलवर बोटानं सही घेतली आणि गेला. मुलगा म्हणाला, त्याचे व्हिडिओ असतात, बघ. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. किती, कशी, कुठला आकडा म्हणजे काय, हे त्या बाईच्या भाषेत, तिच्याशेजारी बसून सांगायचा जिम्मा कोणाचाच नव्हता. काही झालं असतं तर सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. या वयात कशाला.

मी पाटीवरचं सहा पुसायला ओला फडका घेतला तर बाईंनी माझा हात धरला. वर्गातही त्यांचा हाच कायदा होता. वहीत खोडरबर चालायचं नाही. "चूक खोडायची न्हाई. शेजारी बरोबर ल्याहायचं. खोडलं की पुन्हा तीच घडती." सहाच्या शेजारी त्यांनी लिहिलं: शेवटचा नंबर. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बिगरी, हळूहळू.

त्याच सुमारास आम्हा गल्लीतल्या काही जणांचं धरणं चालू होतं, मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चालायला जागा द्या म्हणून. पत्रकं वाटली, सह्या घेतल्या, ऊन खाल्लं. शेवटी नगरपालिकेनं सुनावणी लावली. ज्यांना रस्त्यावर इजा झाली त्यांनी समक्ष येऊन सांगावं, असं कळवलं. आणि सुनावणी कुठं? सभागृहात. वरच्या मजल्यावर. जिना उंच पायऱ्यांचा, मधे वळण, कठडा एका बाजूला तुटलेला. पाय मोडलेल्या लोकांना बोलावलं होतं, लक्षात घ्या.

मी विचारायला गेले, खाली घ्या. तिथला बाबू म्हणाला, "खाली जागा नाही ताई, खाली टॅक्सची खिडकी आहे."

म्हणजे पैसे द्यायला तळमजला आणि गाऱ्हाणं सांगायला वरचा. हे मी पुढच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं.

आमच्यातला एक जण म्हणाला, बाईंना खुर्चीत बसवून उचलून नेऊ, पेपरात फोटो येईल. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "फोटो तुमचा लय झ्याक यील. पन उचलून आणलेल्या माणसाचं ऐकत न्हाईत, कीव करत्यात. मी माझ्या पायानं चढन. किती दिवस हायेत?"

आणि जोडाक्षराची तयारी सुरू झाली. आता मात्र रीतसर. काना-मात्रा नीट जमेपर्यंत जोडाक्षराला हात नाही. आकडा चारवर उतरला, मग तीनवर. रस्त्यावरून कोणी विचारलं, "कुठं निघाल्या बाई?" की उत्तर ठरलेलं. "नगरपालिकेवर!"

सुनावणीच्या दिवशी त्या इस्त्रीचं पातळ नेसून आल्या. एक हात कठड्यावर, कठडा तुटला तिथं भिंतीवर. मी मागं होते, हात लावायचा नाही असा हुकूम होता. वळणावर थांबल्या, डोळे मिटून दम घेतला, जसं सायकलवर मुठी धरून घ्यायच्या. मग उरलेल्या पायऱ्या चढल्या.

सभागृहाच्या दारावर कागद चिकटवला होता. काही कारणास्तव सुनावणी पुढं ढकलण्यात आली आहे.

वरच्या दारावर! खाली टॅक्सच्या खिडकीवर चिकटवता आला नसता? एखाद्या पोराच्या हातानं निरोप धाडता आला नसता? मी ओरडायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "थांब," आणि सरळ आत गेल्या. लांब टेबल, मागं रिकाम्या खुर्च्या, पुढं नावांच्या पट्ट्या. बाई समोर उभ्या राहिल्या आणि पदांप्रमाणं हजेरी घ्यायला लागल्या.

"अध्यक्ष?" ... "गैरहजर."

"मुख्याधिकारी?" ... "गैरहजर."

"अभियंता?"

दारात शिपाई आला होता, बाईंचाच जुना विद्यार्थी. तो आपोआप ताठ उभा राहिला. "बाई, सायेब परभणीला गेलेत, मीटिंगला."

"रजेचा अर्ज हाय?"

"न्हाई बाई."

"मग गैरहजर."

पूर्ण टेबल झालं. मग स्वतःचं नाव घेतलं, "हजर" म्हणाल्या, आणि उतरायला लागल्या. उतरताना गुडघा जास्त दुखतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गावात ही हजेरी चहाच्या गाड्यांवर पोचली. पुढच्या तारखेला सगळे साहेब वेळेआधी बसलेले. बाई पुन्हा चढल्या. बाबूनं तयार टिपण वाचलं: "सदर महिला उसाच्या ट्रॉलीस धडकून जखमी झाली."

आमच्यात गडबड उडाली, खोडा ते, खोडा. बाईंनी हात वर केला. घरात त्या आमच्यासारखंच बोलायच्या, तिथं मात्र वर्गातली भाषा आली.

"खोडू नका. ते तसंच राहू द्या. शेजारी लिहा, ट्रॉली बाईला धडकली. बाई पायी होती. ती अगदी कडेला होती, कारण रस्त्यात तिला दुसरी जागा ठेवलेली नव्हती. दोन्ही वाक्यं राहू द्या. पुढं वाचणाऱ्याला कळेल चूक कोणती."

अभियंत्यानं बाबूकडं पाहिलं. बाबूनं लिहिलं. बाईंनी ते वाकून वाचलं, एक वेलांटी दुरुस्त करायला लावली आणि मगच बसल्या.

त्यानंतर आमच्या गल्लीपासून कापसाच्या मार्केटपर्यंत एका बाजूला फूटपाथ झाला. अरुंद, फरश्या हलणाऱ्या, पण झाला. बाई रोज सकाळी त्याच्यावरून जायच्या, जिथं तो संपतो तिथं उभ्या राहायच्या, पुढं ज्या ठिकाणी पडल्या होत्या तिकडं बघायच्या आणि परत फिरायच्या. तरी सायकल सोडली नाही. "पुढचा तुकडा मागायला पुन्हा चढावं लागंल," म्हणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. जिन्यानं त्यांचा जीव घेतला असं पत्रक मला लिहिता आलं असतं, आणि ते खपलंही असतं. पण ते खोटं आहे, आणि बाईंनी माझ्या वहीत खोटं कधी चालू दिलं नाही. खरं एवढंच की चालायला वीतभर जागा मिळावी म्हणून एका शिक्षिकेला म्हातारपणी डोंगर चढण्याची तालीम करावी लागली. मला हे पुरेसं संतापजनक वाटतं.

विलास आला, घर आवरलं. सायकल न्यायची म्हणाला, मग शेजारणींकडं बघून राहू दिली. ती आता समोरच्या सरूमावशीच्या ओसरीत आहे, तोंड रस्त्याकडंच. बाईंच्या दारामागची पाटीही तिथंच टांगली आहे, सहा आणि त्याच्या शेजारचं 'शेवटचा नंबर' तसंच ठेवून.

पुढच्या तुकड्याची सुनावणी लागली आहे. सभागृह तेच, मजला वरचाच. सरूमावशीला गुडघ्यांचा त्रास आहे, तिच्या जावेला दम्याचा. दोघी पाळीपाळीनं बसतात. परवा जाऊबाईनं घाईघाईत डोंगराचं बटण दाबलं तर मावशी आतून ओरडली, "आगं ये, जोडाक्षर कुठं लावायलीस? आदी बिगरी कर!"