ठणठणीत जुलियाना

नॅन्सीला राग आला की ती भांडी आपटत नसे. बोलणंच बंद करी. नवरा आखातात नोकरीला, आणि ही वसईच्या एका रुग्णालयात बारा वर्षं परिचारिका. २००९च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा तिने आपलं अंथरूण भुईगावच्या घरात मागच्या खोलीत हलवलं. कामावरून आली की आधी विहिरीवर अंघोळ, मगच उंबरठा. सासरे ऑगस्टीन दम्याने पोखरलेले. त्यांच्या जवळपासही ती फिरकत नसे. त्यांचं ताट सासू इझाबेलच वाढी.

त्याच आठवड्यात धाकटा दीर प्लासिड विरारहून आला आणि सात वर्षांच्या जुलियानाला सोडून गेला.

"शाळेला सुट्टी आहे, वहिनी. आम्ही दोघं कामावर. राहू दे चार दिवस."

"ताप? खोकला?"

"बघ की, कशी उधळतेय! तुझं हॉस्पिटल हॉस्पिटलातच ठेव."

संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली की मुलांनी थोरांच्या हाताचा मुका घेऊन आशीर्वाद मागायचा, ही घरची रीत. जुलियाना आजोबांच्या मांडीवरच चढे आणि तेही तिचे गाल कुरवाळून मुका परत करीत.

पाचव्या दिवशी ऑगस्टीन तापाने फणफणले, श्वास छातीत मावेना. त्यांना मुंबईला हलवताना इझाबेल सुनेवर उसळली, "तूच आणलंस हे घरात!" निरोप मिळताच धावत आलेल्या प्लासिडनेही मान डोलावली.

त्यांना स्वाइन फ्लूच निघाला, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या घशातले नमुने तपासले गेले. नॅन्सीच्या नमुन्यात काही निघालं नाही. जुलियानाला ना शिंक, ना कणकण. तरी विषाणू तिच्यात सापडला. लक्षणं नसलेली मुलंही तो पसरवू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"शाळा कशामुळे बंद झाली?" नॅन्सीने दिराला विचारलं.

तो चपलांकडे बघत पुटपुटला, "वर्गातली दोन मुलं आजारी होती. पण हिला काहीच नव्हतं ना! आणि सांगितलं असतं तर तू ठेवून घेतलं असतंस?"

"घेतलं असतं. माझ्याजवळ, मागच्या खोलीत."

तीन आठवड्यांनी ऑगस्टीन परतले ते अर्ध्या श्वासाचे होऊन. इझाबेलने सुनेच्या ताटात माशाची सर्वांत मोठी तुकडी वाढली. चुकलं, असं मात्र म्हणाली नाही. नॅन्सीने तुकडीला हात लावला नाही.

रोझरीनंतर जुलियाना दाराशीच थबकली. "काकी, मी केलं का हे?"

"नाही बाळा. तुला कुठे काय ठाऊक होतं? ज्याला ठाऊक होतं, त्याने केलं."

प्लासिड तिथेच बसला होता. त्यानंतर नॅन्सी त्याच्याशी बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही.