स्पेलिंग मॅडम

माह्या ताईच्या फोटोखाली ‘मिस यू मॅडम’ लिहिणं बंद करा.

आज करुणाताईले जाऊन वर्ष झालं. सकाळी सिविक सेंटरले गेलो, तर ती जिथं नोकरीले होती त्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटच्या दारावर तिचा फ्लेक्स. हार, फुलं, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘हमारी प्रिय शिक्षिका’.

शिक्षिका?

तुमीच तर तिले शिकवू दिलं नाई.

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. ताई तिथं लिनक्स शिकवायची. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायच्या, माऊसचं काम नाई. आता या कमांड म्हणजे सगळे अर्धेमुर्धे शब्द. सी-एच-एम-ओ-डी लिहिलेलं असते, त्याले कोणी ‘चमॉड’ म्हणते, कोणी ‘सीएच-मॉड’. ई-टी-सी नावाची एक डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर असते, तिले कोणी ‘एट्सी’ म्हणते, कोणी ‘एटसेट्रा’. मोठमोठे इंजिनिअर यावरून भांडतात. एकमत कधी झालंच नाई.

ताई एकेक अक्षर सुटं म्हणायची.

पोरं तेच मोठ्यानं परत म्हणायचे. मगच एंटर.

हे तिनं बाबाकडून घेतलं होतं. बाबा स्टील प्लांटमध्ये कामाले, रोलिंग मिलले. तिथं आवाज एवढा, की फोनवर अख्खा शब्द समजतच नाई. म्हणून बाबा एकेक अक्षर सांगत, पलीकडचा तेच परत म्हणे, आणि मगच मशीनले हात लागे. घरी कोणाले साधा पत्ता सांगायचा असला तरी बाबाचं तेच. आमी हासायचो. ताई नाई हासायची.

आणि तिच्या बॅचले बसत होते कोण? हिंदी मीडियमचे. कोणी बोरसीहून, कोणी खेड्यातून बसनं येणारे. ‘चमॉड’ ऐकून त्यायनं काय टाइप करावं, सांगा ना. अक्षरं सांगितली की शेवटच्या बेंचवरची पोरगीही पहिल्या झटक्यात बरोबर टाइप करे.

मग नवे सेंटर हेड आले. बेंगलोर फिरून आले होते म्हणे. एक दिवस स्टाफमधल्या दोघायले घेऊन तिच्या क्लासमध्ये मागं येऊन बसले. थोडा वेळ खुसुखुसु हासले. मग भर क्लासमध्ये म्हणाले,

“मैडम, प्रोफेशनल लोग चमॉड बोलते हैं. आप यहाँ नर्सरी चला रही हैं क्या?”

ताई म्हणाली, “सर, चमॉड मुझे भी आता है. पर इनको टाइप करना आना चाहिए.”

बस, इतकंच. आवाजही चढवला नाई तिनं.

स्टाफमधल्या एकानं तिचं शिकवणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. ती अक्षरं सांगून राहिली आणि मागून हे तिघं हासून राहिले, एवढीच क्लिप. संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरली. कोणीतरी रिंगटोन बनवली.

नाव पडलं, स्पेलिंग मॅडम.

आणि मॅडमले क्लासमधून उचलून इन्क्वायरी काउंटरवर बसवलं. आल्यागेल्याले ब्रोशर द्यायचं.

तिच्या जागी जे सर आले ते ‘सूडू’ म्हणत. हेड साहेब ‘सूडो’ म्हणत. कमांड तीच, एस-यू-डी-ओ. त्या दोघांत कोणी कोणाले हासलं? कोणी क्लिप बनवली? उच्चाराचा नुसता बहाणा होता. तिनं पोरायसमोर उत्तर दिलं, ते झोंबलं. आमचं आडनावही खुपलं असन. ते मी सिद्ध नाई करू शकत, म्हणून सोडतो.

मी म्हटलं, ताई, लाथ मार असल्या नोकरीले.

ती म्हणे, “क्लास परत मिळन ना रे. कावून सोडू?”

दर नव्या बॅचच्या वेळी ती विचारून यायची. दर वेळी ‘देखते हैं मैडम’. कावीळ होऊन दवाखान्यात पडली, तरी मले विचारून राहिली होती का नवी बॅच कधी सुरू होते.

तुमच्या हासण्यानं ती गेली असं मी म्हणणार नाई. कावीळनं गेली. पण जे एक काम तिले जिवापाड आवडत होतं, ते तुमी तिच्यापासून हिसकलं. आणि आता हार घालता? लाज नाई वाटत?

आता त्या क्लिपचं सांगतो.

तुमच्या मोबाइलमध्ये असन तर डिलीट करा. माह्या मोबाइलमधली मी नाई करू शकत. ताईचा शिकवतानाचा आवाज दुसरीकडं कुठंच नाई.

आई रोज ऐकते. तिले कमांड-बिमांड काही समजत नाई. डोळे मिटून बसते आणि ताई एकेक अक्षर सांगत राहते. शेवटी ताई म्हणते, “जिसका नहीं हुआ वो हाथ उठाओ, मैं फिर से बोलती हूँ.” तिथंच मागून तुमचं हासणं येते.

काल आईनं विचारलं, “पोरं कावून हासून राहिले रे?”

मी म्हटलं, “ताई मस्त शिकवते म्हणून.”

“हो, माही करुणा हुशारच होती,” आई म्हणाली. आणि म्हणे, पुन्हा लाव.

आईशी मले खोटं बोला लागलं. तुमच्यामुळं.

फ्लेक्स मी सकाळीच उतरवला. ज्याले तक्रार करायची त्यानं खुशाल करावी.

आणि जे खरंच तिच्या बॅचले बसले, तिच्या मागं मोठ्यानं अक्षरं म्हटली, त्यायनं खाली लिहा. ती कशी शिकवत होती, काय सांगत होती, तुमाले काय आलं. हिंदीत लिहा, कशातही लिहा. आज संध्याकाळी मी आईले वाचून दाखवीन. म्हणजे कालचं माहं बोलणं खोटं राहणार नाई.

के. ए. आर. यू. एन. ए.

करुणाताई, तुले आमच्या घरच्या सगळ्यायचा जय भीम.