ॲक्सलवरची बारीक रेघ

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. वडील खानदेशातून सुरतेत लूमवर कामाला आले आणि नवागामच्या एका खोलीत आम्ही दोघं वाढलो. भाऊही आधी लूमचाच फिटर होता. पुढे त्याने डिंडोलीत गॅरेज टाकलं आणि मला हाताशी घेतलं. तो इंजिन बघायचा, मी चाकं, ब्रेक आणि मागचा ॲक्सल.

त्याच्याकडे एक जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी होती. तिच्यात त्याने भंगारातल्या मोठ्या जीपचं इंजिन बसवलं होतं. कडोदऱ्याच्या पुढे एका बंद मिलच्या आवारात सरळ रस्ता होता. रविवारी सकाळी तिथे पाच-सहा गाड्या जमायच्या आणि दोन-दोन करून पळायच्या. एरवी अबोल असलेला माझा भाऊ तिथे लहान पोरासारखा हसायचा.

ताकद वाढली तसे मागची चाकं फिरवणारे ॲक्सलचे शाफ्ट तुटायला लागले. गाडी जागेवरून झेप घेते तेव्हा सगळा झटका त्या दोन लोखंडी दांड्यांवर येतो. साधा टायर थोडा घसरतो, झटका वाया जातो. आम्ही रुंद, चिकट टायर लावले. ते घसरेनात, मग पीळ शाफ्टने खायचा. शिवाय त्या गाडीत चाक शाफ्टच्याच टोकाला बसवलेलं. टोकाशी शाफ्ट तुटला की चाकच बाहेर.

म्हणून दर शनिवारी शाफ्ट काढून, रॉकेलने पुसून, उन्हात धरून बघायचं काम माझं. एकदा मला तडा दिसला म्हणून मी गाडी पळू दिली नाही. नंतर भाऊने तिथे पॉलिश पेपर मारला, तर तो नुसता ओरखडा निघाला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "याला झोपेतसुद्धा तडे दिसतात." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

पुढच्याच महिन्यात डाव्या शाफ्टवर, बेअरिंग बसतं तिथे, केसासारखी रेघ दिसली. मी पुन्हा पुसलं. रेघ तशीच. पॉलिश पेपर समोरच्या फळीवर होता, हात लांब केला असता तरी पुरे होतं. बाहेरून भाऊने विचारलं, "ठीक आहे ना?"

मी म्हणालो, "ठीक आहे."

आणि तोच शाफ्ट बसवला.

दुसऱ्या दिवशी गाडी छान सुटली. रस्ता संपत आला होता तेव्हा डावं चाक निघून एकटंच पुढे धावत गेलं. गाडी मागून खाली बसली, फिरली आणि मिलच्या भिंतीवर आदळली. आम्ही भाऊला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. "पाय कुठे आहेत माझे?" असं तो विचारत होता. पाय जागेवरच होते. कंबरेखाली त्याला पुन्हा कधी काही जाणवलं नाही.

आईने आणि मी त्याचं सगळं केलं. त्याला अंघोळ मीच घालायचो. सांगेन सांगेन म्हणत दीड वर्ष गेलं. एका दुपारी तो म्हणाला, "तो शाफ्ट आण रे."

मी गॅरेजमधून तुकडा आणला. त्याने तुटलेलं तोंड खिडकीकडे धरलं. अर्धा भाग काळपट होता, अर्धा दाणेदार आणि उजळ. काळ्या भागावरून त्याने अंगठा फिरवला.

"हे त्या दिवशीचं नाही. आधीपासून उललेलं आहे." मग घरच्या बोलीत, हळूच म्हणाला, "तुले दिखनं व्हतं ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सगळे परत हसाल म्हणून."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आईला हे कळू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन गेलो, तर त्याने आईला हाक मारली. त्यानंतर माझ्या हातून त्याने अंघोळ करून घेतली नाही. आईची कंबर दुखायची. ती मला म्हणायची, "काय बिनसलं रे तुमचं दोघांचं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

मागच्या वर्षी जंतुसंसर्गाने तो गेला. आईला मी अजून सांगितलेलं नाही.